जुन्या थाटाचं चावीचं घड्याळ : सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी, खरेदीपासून जुळणीपर्यंत

बाजारात ‘रेप्लिका’ म्हणून दोन वेगळे माल विकले जातात. एक म्हणजे महागड्या स्विस कंपनीचं नाव आणि चिन्ह छापलेली सरळसरळ नक्कल. दुसरा म्हणजे १९५०-६० च्या दशकातल्या घड्याळांची ठेवण घेतलेलं, पण डायलवर दुसऱ्या कुणाचंही नाव नसलेलं घड्याळ. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्याआधी हात बसावा म्हणून जुन्या एचएमटीबद्दलही यात बरंच आहे.

पहिल्या प्रकाराच्या नादी लागू नका. खोटं व्यापारचिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हा ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. परदेशातून कुरिअरने मागवलेली नक्कल कस्टम्समध्ये अडकू शकते, ते वेगळंच. हौशी माणसाला खरा फटका मात्र दुसरीकडे बसतो. असल्या घड्याळातलं मशीन नेमकं कोणतं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पैसे डायलवरच्या नावाला जातात, आणि वर्षभरात चावीचा रॉड (चावीला मशीनशी जोडणारी बारीक दांडी) तुटला की जोडीचा रॉड मिळत नाही. ज्या मशीनचा नंबर कळतो आणि ज्याचे भाग सुटे मिळतात, तेच मशीन घ्यायचं. पुढचं सगळं या एका अटीवर चालतं.

पहिलं घड्याळ कोणतं?

हाताने चावी द्यायचं एचएमटी. ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मिळालं तर उत्तम. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला उभा राहिला. पुढे कित्येक वर्षं नोकरीला लागलेल्या, लग्न ठरलेल्या आणि निवृत्त होणाऱ्या माणसाच्या मनगटावर हेच घड्याळ असायचं. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. गिरण्यांत आणि रेल्वेत आयुष्य घालवलेल्यांच्या आपल्या शहरात अशी घड्याळं कपाटांतून पडून आहेत. खरेदीला निघण्याआधी घरातल्या आणि नात्यातल्या आजोबा-काकांना विचारा. एकच अट पाळा, आठवणीचं घड्याळ शिकायला उघडू नका. ते बाजूला ठेवा आणि शिकायला दुसरं आणा.

या घड्याळांत बहुतेक ठिकाणी ०२३१ हे मशीन असतं. १७ ज्वेल (धुरे ज्यांत फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. तारीख नाही, ऑटोमॅटिकचा डोलारा नाही. भाग मोठे, ब्रिज (चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्या) सुटसुटीत. ‘कांचन’ किंवा ‘रजत’सारखी ऑटोमॅटिक घड्याळं दिसायला देखणी आहेत, पण त्यांत तारीख-वाराचे बारीक भाग आणि उडणाऱ्या स्प्रिंगा जास्त. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

एक घ्यायच्या ऐवजी त्याच मशीनची दोन घ्या. एक चालू, एक बंद पण पूर्ण. बंद असलेलं आधी उघडायचं. त्यातला पेच हरवला, स्प्रिंग उडाली, तरी बिघडत नाही, आणि नंतर चालू घड्याळाला सुटे भाग त्यातूनच मिळतात.

नवी पेठ किंवा मधल्या मारुतीच्या आसपास जुने घड्याळजी असतील तर त्यांच्याकडे बंद मशीनं आहेत का ते विचारा. दुपारच्या निवांत वेळी जा, गिऱ्हाइकांच्या गर्दीत नको. बहुतेक दुकानांचा धंदा आता सेल आणि पट्ट्यांवर चालतो. चावीच्या घड्याळांचे भाग पुण्या-मुंबईहून येतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाणारं ओळखीचं कुणी असेल, तर त्याच्याकडे मशीन नंबरासकट यादी द्या. ‘एचएमटीचा रॉड’ एवढंच सांगितलं तर हमखास चुकीचा येतो.

घेताना काय बघायचं

चावी द्या. दाते एकसारखे लागले पाहिजेत, मध्ये घसरता कामा नये. शेवटी चावी ठामपणे अडली पाहिजे. कितीही फिरवली तरी अडत नसेल तर आतली मुख्य स्प्रिंग तुटली आहे. ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ असं विक्रेते सांगतात. जास्त चावीने घड्याळ बंद पडत नाही. पूर्ण चावी असूनही ते चालत नसेल तर तेल वाळलंय, घाण साचलीय किंवा एखादा धुरा मोडलाय.

मग चावी बाहेर ओढून काटे फिरवा. सैल वाटले, किंवा घड्याळ चालू असून काटेच मागे पडत असतील, तर मिनिटाच्या काट्याखालची नळी, म्हणजे कॅनन पिनियन, सैल झाली आहे. हा दोष दुरुस्त होतो. घड्याळ आडवं, उभं आणि उलटं धरून प्रत्येक वेळी टिकटिक ऐका. एका बाजूला चालून दुसऱ्या बाजूला थांबत असेल तर बॅलन्सच्या, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाच्या, धुऱ्याचं टोक झिजलं किंवा मोडलं असण्याची शक्यता मोठी, आणि हे काम नवशिक्याचं नाही. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर दुसरीकडे बघा.

आता डायल. ऑनलाइन दिसणाऱ्या लालभडक, निळ्याशार, तिरंगी ‘पायलट’च्या रांगा बघितल्या असतीलच. त्यातल्या पुष्कळशा नंतर रंगवलेल्या डायलच्या आहेत. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ओळखायचं कसं? भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. जुन्या केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या डबीत), जुन्या काट्यांखाली, डायल मात्र चकचकीत असतो. फावर-लुबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी या भारतात एके काळी भरपूर खपलेल्या स्विस नावांचंही हेच होतं. तिथे मशीनवर कोरलेलं नाव डायलवरच्या नावाशी जुळतं का ते आधी पाहा. शिकण्यासाठी रंगवलेला डायल चालतो, फक्त अस्सल म्हणून त्याचे जास्त पैसे मोजू नका. देवनागरीत नाव असलेला मूळ डायल थोडा डागाळलेला असला, तरी रंगवलेल्यापेक्षा आमच्या मते केव्हाही चांगला. तो पुसायला जाऊ नका, छपाई बोटाबरोबर येते.

एक धोक्याची सूचना. १९६० च्या आधीच्या परदेशी घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियम वापरलेलं असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. तो पिवळट-तपकिरी थर खरवडायचा नाही, त्याची भुकटी फुंकायची नाही. असा डायल पहिल्या काही वर्षांत हाताळूच नका.

टेबल

आपल्या शहरात या छंदाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तंतू. घराजवळ यंत्रमाग असेल तर हवेतच कापूस असतो, आणि घरात टॉवेल-चादरी तर असतातच. डोळ्यांना न दिसणारा एक धागा हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगच्या, वेटोळ्यांत अडकला की घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. म्हणून सोलापुरी टॉवेल हात पुसण्यापुरता, तोही दुसऱ्या खोलीत. टेबलावर पांढरा जाड कागद किंवा गुळगुळीत प्लास्टिकची चटई अंथरा. भाग पुसायला चष्म्याचं मायक्रोफायबर कापड घ्या. सुट्या भागांवर काचेचा पेला उपडा ठेवा.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर केसापेक्षा बारीक पेच कुठे जातो कळत नाही. मे महिन्यात दुपारी हे शक्य नाही. पारा ४२-४३ वर असताना घामाचं एक बोट ब्रिजवर लागलं, तर आठवड्याने तिथे ठसा उमटलेला दिसतो. पहाटे बसा आणि बोटांना रबरी टोप्या घाला. टेबल छातीच्या उंचीला हवं. जेवणाच्या टेबलावर वाकून काम केलं तर तासाभरात मान धरते आणि मग हात थरथरतो. मांडीवर ओढणी किंवा एप्रन पसरून त्याची कड टेबलाला चिकटवा, पडलेला भाग जमिनीऐवजी तिथे सापडतो.

हत्यारांत काटकसर कुठे करायची हे नीट समजून घ्या. पेचकस आणि चिमटे यांत करू नका. ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिलिमीटरचे चार पेचकस आणि ३ व ५ नंबरचे दोन चिमटे चांगल्या प्रतीचे घ्या. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. अरुंद पातं खाच खातं आणि घसरून ब्रिजवर ओरखडा काढतं. १० पट भिंग, मशीन धरायचा होल्डर, हवेचा रबरी फुगा, काटे काढायच्या दोन पट्ट्या, काटे दाबायचं साधन, तेल लावायच्या दोन बारीक सुया, घाण टिपायचं रोडिको आणि टोकदार करता येणाऱ्या लाकडी काड्या. मागचं झाकण पेचाचं असेल तर तीन टोकांची चावी लागते, दाबाचं असेल तर बोथट पातं पुरतं. हे सगळं साध्या प्रतीचं चालेल.

उघडणं

प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, पेच काढण्याआधी आणि काढल्यानंतर. पेच दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. लांब पेच आखूड जागी घातला तर तो खालच्या चाकाला अडतो आणि दिवसभर कारण सापडत नाही. एका कागदावर मशीनचा गोल काढा आणि प्रत्येक पेच त्याच्या जागी ठेवत जा.

१. मागचं झाकण काढा. आधी मुख्य स्प्रिंगचा ताण सोडायचा. चावी बोटांत घट्ट धरा, बॅरलवरच्या (मुख्य स्प्रिंगच्या डबीवरच्या) मोठ्या चाकाला अडवणारा छोटा क्लिक काडीने बाजूला करा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सुटू द्या. ही पायरी विसरून पॅलेट (ठोक्यागणिक चाकांना अडवणारा-सोडणारा काटा) काढला तर सगळी चाकं एकदम भन्नाट फिरतात आणि धुऱ्यांची टोकं मोडतात. नवशिक्यांची सगळ्यात जास्त मशीनं इथेच जातात.

२. रॉडजवळचा सेटिंग लिव्हरचा पेच एक-दोन आटे सैल करा आणि रॉड ओढून घ्या. पेच पूर्ण काढू नका. आतला लिव्हर निसटतो आणि तो बसवायला डायलखालची बाजू उघडावी लागते. मशीन केसबाहेर आल्यावर रॉड परत घालून ठेवा.

३. काटे काढा. डायलवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवून त्यावरून दोन पट्ट्या समोरासमोर सरकवा आणि एकाच वेळी उचला. एका बाजूने उचकटलं तर सेकंदकाट्याची नळी डायलवर ओरखडा पाडते.

४. डायलचे पाय मशीनच्या कडेला असलेल्या दोन पेचांनी धरलेले असतात. ते अर्धा आटा सैल करून डायल सरळ वर उचला. तासाचं चाक काढा, कॅनन पिनियन सरळ वर ओढून काढा.

५. मशीन उलटवा. बॅलन्सच्या ब्रिजचा पेच काढून ब्रिज खाचेतून अलगद मोकळा करा आणि बॅलन्ससकट उचला. हेअरस्प्रिंगला लोंबकळणारं वजन फार वेळ देऊ नका, लगेच उलटं करून ठेवा.

६. ताण उरलेला नाही याची खात्री करा. पॅलेटला काडीने हलवलं तर त्याने स्वतःहून उसळी मारू नये. मग पॅलेटचा ब्रिज आणि पॅलेट काढा.

७. बॅरलवरचं मोठं चाक आणि शेजारचं क्राउन व्हील. अनेक मशीनमध्ये क्राउन व्हीलचा पेच उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. नेहमीच्या दिशेने जोर लावून डोकं तुटलं की संपलं.

८. बॅरलचा ब्रिज, मग चाकांचा ब्रिज, मग चाकं. कोणतं चाक वर होतं, कोणतं खाली, याचा वेगळा फोटो ठेवा.

चावीच्या बाजूचा, डायलखालचा भाग पहिल्या वेळी उघडू नका. काटे नीट लागत असतील तर तिथे घाण काढून किंचित ग्रीस लावणं पुरतं.

धुणं

जुने कारागीर पेट्रोलने धुतात. हौशी माणसाने लायटरमध्ये भरायचं नॅप्था वापरावं, वास आणि चिकटपणा कमी राहतो. दोन्ही भडकणारी आहेत. गॅस, देवासमोरचा दिवा, उदबत्ती यांच्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवूनच बसा. झाकणाच्या तीन काचेच्या बाटल्या लागतात. पहिली मळकट धुण्याला, दुसरी स्वच्छ नॅप्थाला, तिसरी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला. पहिल्यात दहा मिनिटं बुडवून मऊ ब्रशने घासा. काडीला टोक काढून प्रत्येक खड्याच्या छिद्रात फिरवा. टोक काळं आलं की नवं टोक काढा, स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. नुसतं बुडवून काढलेलं मशीन दोन महिन्यांत परत अडतं, कारण वाळलेलं तेल छिद्रातच असतं.

पॅलेट आणि बॅलन्स मात्र अल्कोहोलमध्ये टाकायचे नाहीत. पॅलेटचे दोन खडे आणि बॅलन्सखालचा छोटा खडा लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना नॅप्थात मिनिटभर हलवणं पुरेसं आहे.

केस आणि चेन मशीनपासून वेगळी, साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा.

बॅरलचं झाकण उघडून स्प्रिंग बघा. सपाट, तेलकट आणि न तुटलेली असेल तर पहिल्या वेळी ती बाहेर काढू नका. हाताने परत भरताना ती वाकडी होते. तुटली असेल तर मशीन नंबर सांगून नवी मागवा. ती कड्यात गुंडाळूनच येते आणि बॅरलवर ठेवून सरळ ढकलता येते.

जोडणी आणि तेल

क्रम उलटा. चाकांचा ब्रिज बसवताना सगळ्या धुऱ्यांची टोकं आपापल्या छिद्रात गेली आहेत याची खात्री होईपर्यंत पेच आवळायचा नाही. ब्रिजवर बोटाने अगदी हलका दाब देऊन चाकं चिमट्याने डोलवा. एकेक टोक छिद्रात गेलं की ब्रिज किंचित खाली बसतो. मग पेच अर्धवट आवळा, बॅरलला काडीने ढकला, शेवटचं चाकही मोकळं फिरलं पाहिजे. प्रत्येक चाकाला वर-खाली केसभर सैलपणा हवा. तो नसेल तर काहीतरी छिद्राबाहेर आहे, आणि आवळलं तर टोक मोडेल.

तेल तीन प्रकारचं लागतं. वेगाने फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला पातळ, मोबियस ९०१०. सावकाश फिरणाऱ्या मधल्या चाकाला आणि बॅरलला जाड, एचपी १३००. पॅलेटच्या खड्यांना ९४१५. प्रत्येकाची २ मिलीची बाटली बरीच वर्षं पुरते, उलट मुदत आधी संपते. उन्हाळ्यात बाटल्या लोखंडी कपाटात किंवा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका.

खड्याला बाहेरून जी वाटी असते तिचा अर्ध्याहून कमी भाग भरेल एवढंच तेल. भिंगाखाली धुऱ्याभोवती कडं दिसलं पाहिजे. वाटी भरून वाहिली तर तेल ब्रिजवर पसरतं आणि जिथे हवं तिथूनच ओढून नेतं. अशा वेळी पुसत बसू नका, तो भाग परत धुवा. एस्केप व्हीलला, म्हणजे पॅलेटला ढकलणाऱ्या शेवटच्या चाकाला, बहुधा १५ दाते असतात. पॅलेटच्या एका खड्यावर सूक्ष्म थेंब ठेवा, पाच दाते पुढे जाऊ द्या, पुन्हा एक थेंब, असं तीनदा. पॅलेटच्या धुऱ्यांना तेल लावायचं नाही. त्याची हालचाल इतकी छोटी आणि झटपट असते की तेलाच्या ओढीने त्याचा वेग मरतो. हेअरस्प्रिंगला, दात्यांना, कुठेही तेल नको. नवशिक्याच्या हातून घड्याळ कमी तेलाने क्वचितच बिघडतं, जास्त तेलाने नेहमी.

बॅलन्सच्या वरच्या खड्यावरची स्प्रिंग (एचएमटीवर पॅराशॉक लिहिलेलं असतं ती) उघडताना मशीन आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घाला. स्प्रिंग उडते. पिशवीत उडालेली सापडते, खोलीत उडालेली केरसुणीलाही सापडत नाही.

बॅलन्स बसवण्याआधी पाच-सहा दाते चावी द्या आणि पॅलेट काडीने एका बाजूला ढकला. तो टक्कन पलीकडे जाऊन थांबला पाहिजे. जात नसेल तर ताकद चाकांतूनच पोचत नाहीये, बॅलन्सला दोष देऊ नका. मग बॅलन्स उतरवा. त्याचा खडा पॅलेटच्या काट्यात गेला की तो आपोआप डोलायला लागतो. पेच आवळताना डोलणं थांबलं तर लगेच सैल करा.

वेळ लावणं

टाइमग्राफर नावाचं यंत्र टिकटिक ऐकून आकडे दाखवतं. सुरुवातीला मोबाईलवरचं ऍप आणि इअरफोनचा माइकही चालतो. पूर्ण चावी द्या आणि पंधरा मिनिटांनी मोजा. आकडे तीन बघायचे. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला असमतोल, १ मिलिसेकंदाच्या आत आला तर छान. अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो, डायल वर असताना २५० ते ३०० हवा. २०० च्या खाली असेल तर वेळ लावत बसू नका, कुठेतरी घाण किंवा घर्षण आहे. अँप्लिट्यूड खरा यायला मशीनचा लिफ्ट अँगल (पॅलेट बॅलन्सला ढकलतो तेवढा कोन) द्यावा लागतो. तो माहीत नसेल तर लोक ५२ धरतात, म्हणून तो आकडा अंदाजाचाच समजा.

बॅलन्सवरची छोटी दांडी अधिक-उण्याकडे सरकवली की गती बदलते. केसभर सरकवा, थांबा, मोजा. डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत मोजून मधला मार्ग काढा. दिवसाला २० सेकंदांच्या आत आलेलं पन्नास वर्षांचं घड्याळ उत्तम समजावं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातले हे वीस.

सगळं नीट असून घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकत्व तपासा. होकायंत्राजवळ धरल्यावर सुई थरथरली तर खात्री झाली. फोनची चुंबकी झाकणं, स्पीकर, पर्सचं बटण ही नेहमीची कारणं. डिमॅग्नेटायझरचं बटण दाबून घड्याळ त्यावरून हळूहळू हातभर लांब न्या, मग बटण सोडा. जवळ असतानाच सोडलं तर चुंबकत्व वाढूही शकतं.

जुन्या थाटाची जुळणी

एक एचएमटी उघडून, धुऊन, परत चालू झालं की जुळणीला हात घाला. आधी नाही. इथे सगळे भाग नवे असतात, त्यामुळे खर्च जास्त आणि शिकणं खरं तर कमी. मशीनपासून सुरुवात करायची. केस आवडली म्हणून घेतली आणि मशीन त्यात बसेना, ही चूक फार महाग पडते.

दोन वाटा आहेत. पहिली, युनिटास ६४९७-६४९८ आणि त्यावरून चीनमध्ये बनणारं सीगलचं एसटी ३६ मालिकेचं मशीन. मूळ मशीन खिशातल्या घड्याळासाठी केलेलं आहे. ३६.६ मिलिमीटर व्यास, ४.५ जाडी, हाताने चावी. इटलीच्या पानेराईने १९९० च्या दशकात आपल्या उशीसारख्या मोठ्या केसमध्ये हेच ६४९७ वापरलं, म्हणून त्या धाटणीच्या केस, डायल आणि काटे सगळीकडे सुटे मिळतात. छोटा सेकंदकाटा ६४९७ मध्ये नऊच्या आकड्याकडे येतो, ६४९८ मध्ये सहाकडे. डायल मागवताना हे बघा. केस ४२-४४ मिलिमीटरची होते. बारीक मनगटावर ती ताटलीसारखी दिसते, घेण्याआधी पुठ्ठ्याचा गोल कापून मनगटावर ठेवून पाहा.

दुसरी वाट, सेइकोचं एनएच ३५. ऑटोमॅटिक, २४ ज्वेल, २१,६०० ठोके, २७.४ मिलिमीटर व्यास, ५.३ जाडी. १९५३-५४ च्या सुमारास ब्लाँपाचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर ही पाण्यात बुडी मारणाऱ्यांची घड्याळं आली. फिरती कडी, काळा डायल, मोठे ठिपके अशी त्यांची धाटणी हवी असेल तर हे मशीन सोयीचं. यासाठी २८.५ मिलिमीटरचे डायल बाजारात सर्रास मिळतात. काट्यांची मापं तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिलिमीटर. तारखेची खिडकी नसलेला डायल लावला तर चावीची एक जागा रिकामी राहते, तारीख आत लपून बदलत राहते. खटकत असेल तर बिनतारखेचं एनएच ३८ घ्या. त्या काळची सडपातळ पोशाखी घड्याळं हवी असतील तर ३.९ मिलिमीटर जाडीचं मियोटा ९०१५ बघा. महाग आहे, पण जाड घड्याळ शर्टाच्या बाहीखाली जात नाही.

डायल कोरा घ्या, किंवा स्वतःचं, गावाचं नाव छापून घ्या. ‘सोलापूर’ असं देवनागरीत बारीक छापलेला क्रीम रंगाचा डायल कुठल्याही खोट्या स्विस नावापेक्षा देखणा दिसतो. चहात बुडवून डायल जुना करायचे प्रयोग लोक करतात. पावसाळ्यात त्यावर डाग वाढत जातात, म्हणून आमचा सल्ला क्रीम रंगाचाच डायल मागवायचा.

जुळणीत कस लागतो तो काटे आणि रॉड यांत. तारीख असलेल्या मशीनमध्ये चावी पुढे फिरवत तारीख टक्कन बदलेल त्या क्षणी थांबा, आणि तास-मिनिट दोन्ही काटे बरोबर बारावर बसवा. तासाचा काटा डायलला समांतर, मिनिटाचा त्याच्यापासून सुटा, सेकंदाचा दोघांपासून आणि काचेपासून सुटा. पूर्ण बारा तास फिरवून कडेने बघा. सेकंदकाटा दाबताना तो नळीवर सरळ उभा आहे याची भिंगातून खात्री करा. तिरका दाबला तर नळी वाकते आणि नवा काटा आणावा लागतो.

रॉड लांब येतो, तो कापावा लागतो. मशीन केसमध्ये बसवून रॉड पूर्ण आत ढकला, केसच्या नळीपासून चावी किती बाहेर राहते ते मोजा. त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी कापा. मग कानशीने थोडं थोडं घासत, दर वेळी बसवून बघत खाली आणा. लांब राहिलेला रॉड घासता येतो, आखूड झालेला टाकावा लागतो. चावी केसच्या नळीवर पेचासारखी आवळायची असेल तर ती पूर्ण आवळल्यावर आत दाब पडत नाही ना, तेही तपासा. माप बरोबर आल्यावरच आट्यांना हलकं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. एक थेंबही जास्त झाला तर तो नळीत उतरतो.

केस बंद करण्याआधी काचेची आतली बाजू फुग्याने झटका, रोडिकोने टिपा, भिंगाने बघा, परत झटका. एवढं करूनही झाकण लावल्यावर डायलवर एक पांढरा धागा दिसतोच. वैतागू नका, उघडा आणि काढा. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावा. दाब-चाचणी केल्याशिवाय घड्याळ पाण्यात घालू नका, झाकणावर १०० मीटर लिहिलेलं असलं तरी.

जुन्या प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे पॉलिशने जातात. मऊ कापडाने गोल गोल, पाच-सात मिनिटं. काच केसमध्ये असताना आधी कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर पॉलिश आत झिरपतं.

विकायची वेळ आली तर काय बदललं ते लिहून द्या. डायल नवा, काटे नवे, मशीन कोणतं, केस कुठली. प्रत्येक घड्याळासाठी वहीत एक पान ठेवा. मशीन नंबर, धुतल्याची तारीख, कोणतं तेल कुठे, तीन स्थितींतले आकडे. चार-पाच वर्षांनी तेच घड्याळ परत उघडताना या पानावरून कळतं की अँप्लिट्यूड खरंच उतरलाय की तो पहिल्यापासूनच तेवढा होता.

चामडी पट्टा हौसेने घेतला असेल तर मार्च ते जून तो काढून नायलॉनचा लावा. सोलापूरच्या घामाने चामडं एका उन्हाळ्यात कडक होऊन वास मारतं, आणि तोच खारट ओलावा पट्ट्याच्या पिना गंजवतो. गंजलेली पिन तुटली की घड्याळ फरशीवर, आणि मग पुन्हा बॅलन्सचा धुरा शोधत बसा.